फाइलीवरचा शिक्का आणि फाइलीचे कुलूप

जयपूरहून सीकरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र आहे. राजस्थान राज्य औद्योगिक विकास व गुंतवणूक महामंडळाच्या, म्हणजे स्थानिकांच्या तोंडच्या ‘रीको’च्या, अखत्यारीतील ही वसाहत. देवांच्या शिल्पकाराचे नाव धारण करणाऱ्या या वसाहतीत रस्ते मात्र क्रमांकांनी ओळखले जातात. ‘रोड नंबर १४’ एवढे सांगितले की रिक्षावाल्याला पुरते. दोन्ही बाजूंना लघु व मध्यम उद्योगांच्या शेड. कुठे केबल व वाहक तारा, कुठे ओतकाम, कुठे यंत्रांचे सुटे भाग. महाराष्ट्रातील वाचकाला भोसरी, वाळूज किंवा कोल्हापूरची शिरोली यांची आठवण व्हावी, असेच हे चित्र.

येथील एखाद्या केबल उत्पादकाने वीज वितरण कंपनीची निविदा भरायचे ठरवले, असे समजावे. निविदेतील दर हेच त्याचे खरे भांडवल असते. तांब्याचा भाव, वाया जाणारा माल, मजुरी, विजेचे बिल, वाहतूक आणि या सर्वांवर मोठ्या संकोचाने ठेवलेला नफा यांचा मेळ घालून तो एक आकडा काढतो. हा आकडा प्रतिस्पर्ध्याच्या कानी गेला, तर त्याने केवळ काही पैसे कमी लावले तरी पुरेसे आहे. वर्षभराचे काम हातचे जाते. म्हणूनच कारखान्यातील जुन्या फोरमनलाही तो आकडा शेवटच्या दिवसापर्यंत कळू दिला जात नाही.

सरकारी दारात या आकड्याची काळजी उत्तम प्रकारे घेतली जाते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेली ई-निविदा प्रणाली राजस्थानात वापरली जाते आणि महाराष्ट्रातील ‘महाटेंडर्स’ हे संकेतस्थळही त्याच प्रणालीवर चालते. तांत्रिक देकार व आर्थिक देकार यांची पाकिटे तेथे स्वतंत्र असतात. देकार कूटबद्ध होऊन, म्हणजे गणिती कुलपात बंद होऊनच, साठवला जातो. मुदत संपल्यावर, आगाऊ नेमलेल्या अधिकाऱ्यांपैकी किमान दोघांनी आपापली डिजिटल स्वाक्षरी वापरल्याशिवाय तो उघडत नाही. पाकिटावर ‘आर्थिक देकार’ असे लिहिलेले असणे आणि ते पाकीट कोणी व केव्हा उघडावे, या दोन गोष्टी तेथे एकमेकींशी जखडलेल्या आहेत. लाखेच्या मोहरेने जे काम पूर्वी केवळ लोकलाजेच्या बळावर होत असे, ते आता गणिताच्या बळावर होते.

आता याच आकड्याची दुसरी वाट पाहावी. निविदेसोबत बयाण्याची बँक हमी लागते. त्यासाठी उत्पादक आपल्या शाखेत अर्ज करतो. हमीची मर्यादा वाढवून हवी असेल तर खर्चाचा तपशील, हाती असलेल्या कामांची यादी, ग्राहकांकडील येणी, कच्च्या मालाचा साठा, हे सर्व द्यावे लागते. लेखनिक ही एक्सेल फाइल ई-मेलने पाठवतो. घाई असेल तर तिचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर येते. शाखेतील अधिकारी ती संगणकाच्या पडद्यावर उतरवून घेतो, कर्ज प्रक्रिया केंद्राकडे धाडतो. सनदी लेखापालाकडे तिची एक प्रत असतेच. प्रक्रिया केंद्रातून शंका विचारल्या जातात आणि ‘सुधारित’, ‘अंतिम’, ‘अंतिम २’ अशा नावांनी तीच फाइल पुन्हा फिरू लागते. काही निविदांत बयाण्याची रक्कम देकाराच्या ठरावीक टक्क्यांवर बेतलेली असते. तेथे तर नुसत्या हमीपत्राच्या मसुद्यावरूनही जाणकार माणूस मूळ दर काढू शकतो. सरकारी पेटीत दोन किल्ल्यांशिवाय न उघडणारा आकडा बँकेच्या वाटेवर मात्र उघड्या पाटीत ठेवलेला असतो. त्या प्रतींवर कोणाची वाईट नजर असतेच असे नाही. पण असली तर तिला अडवणारे काहीही नसते.

यावर पहिला उपाय सुचतो तो शिक्क्याचा. फाइलीवर ‘गोपनीय’ असे ठळक अक्षरांत छापावे. बँकांना हे नवे नाही. रिझर्व्ह बँकेने २०११ च्या एप्रिलमध्ये माहिती सुरक्षेविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत माहितीचे वर्गीकरण आहे. जून २०१६ च्या सायबर सुरक्षा परिपत्रकातही संवेदनशीलतेनुसार माहितीची वर्गवारी करण्यास सांगितले आहे. प्रश्न असा की, शिक्का मारल्याने होते काय?

याचे उत्तर मुंबईच्या माझगाव गोदीशी निगडित असलेल्या एका प्रकरणात सापडते. स्कॉर्पिन जातीच्या सहा पाणबुड्या तेथे बांधण्याचा करार २००५ साली फ्रेंच सहकार्याने झाला. ऑगस्ट २०१६ मध्ये ‘द ऑस्ट्रेलियन’ या वृत्तपत्राने या पाणबुड्यांच्या तांत्रिक माहितीची २२,४०० पाने आपल्या पाहण्यात आल्याचे प्रसिद्ध केले. त्या कागदांवर ‘रिस्ट्रिक्टेड स्कॉर्पिन इंडिया’ असा शिक्का होता. त्या वृत्तपत्राच्या म्हणण्यानुसार ही माहिती २०११ च्या सुमारास फ्रान्समधून बाहेर पडली, पुढे आग्नेय आशियातील एका सर्व्हरवर चढली आणि अखेर साध्या टपालाने एका तबकडीवर ऑस्ट्रेलियात पोचली. गळती भारतातून झालेली दिसत नाही, असे भारतीय नौदलाने सांगितले. दोष कोणाचा, हा येथे विषय नाही. विषय एवढाच की, या सर्व प्रवासात शिक्का कागदांवर इमानेइतबारे होता आणि कोणत्याही टप्प्यावर त्याने कोणाचाही हात धरला नाही. तो वाचणाऱ्याला विनंती करत होता. ज्याने विनंती मानायची नाही असे ठरवले, त्याच्यापुढे तो शाईचा डाग होता.

शिक्का आणि कुलूप एकत्र आणण्याची कल्पना संगणक क्षेत्रात वीस वर्षांहून जुनी आहे. मायक्रोसॉफ्टने २००३ साली विंडोज सर्व्हरसोबत अशी हक्क-व्यवस्थापन सेवा आणली; आज तिचीच वंशज असलेली सुविधा ‘पर्व्ह्यू’ या नावाखाली मिळते आणि अन्य कंपन्यांचीही तशी उत्पादने आहेत. तिची रीत समजण्यास अवघड नाही. अधिकारी फाइल तयार करताना एक लेबल निवडतो. त्या क्षणी फाइल कूटबद्ध होते आणि ज्या किल्लीने ती बंद झाली ती किल्लीही संस्थेच्या मोठ्या किल्लीने बंद होऊन, परवानग्यांच्या यादीसह, फाइलीच्या पोटातच ठेवली जाते. पुढे कोणी ती उघडू लागला की संगणक मध्यवर्ती सेवेला विचारतो: हा कोण आहे, आणि या लेबलाखाली याला काय करण्याची मुभा आहे? वाचणे, बदलणे, छापणे, मजकूर उचलणे, पुढे पाठवणे, या सर्व परवानग्या वेगवेगळ्या देता येतात. मुदतही घालता येते. फाइल पेन ड्राइव्हवर गेली, चुकीच्या पत्त्यावर गेली, लॅपटॉपसह चोरीला गेली, तरी तिचे कुलूप तिच्यासोबत जाते. नुसता फोल्डरला पहारा ठेवण्यात आणि यात हाच फरक आहे. फोल्डरचा पहारेकरी दारातच राहतो, आणि फाइल एकदा बाहेर पडली की तो तिच्यामागे धावत नाही.

बँकिंगच्या जुन्या वहिवाटीत वाढलेल्या माणसाला हे सारे ओळखीचे वाटावे. धनादेशाच्या कोपऱ्यात दोन समांतर रेघा ओढल्या की त्याचे पैसे खिडकीवर रोख मिळत नाहीत. त्या रेघा म्हणजे लेबलच. परंतु परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ त्यांच्यामागे उभा आहे आणि वाटेतील प्रत्येक बँक त्यांचा मान राखते, म्हणून त्या रेघांना कुलपाचे बळ येते. त्याही आधी हुंडी होती. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या ‘शहा’लाच द्यायचे, धनीजोगचे धन्याला, आणि देखाडनहारचे ती समोर ठेवील त्याला. मारवाडी पेढ्यांचे हे व्याकरण जयपूरच्या बाजारपेठेला पिढ्यान्‌पिढ्या पाठ होते. कागद कोणाच्याही हाती जावो, पैसे कोणाला द्यायचे हे कागद स्वतःच सांगत असे. आजच्या लेबलबद्ध फाइलीचे पूर्वज शोधायचे तर ते सिलिकॉन व्हॅलीपेक्षा हुंडीच्या बाजारात लवकर सापडतील.

येथवर सर्व सुरळीत आहे. खरी अडचण तंत्रज्ञानाच्या पलीकडे, लेबल कोणी व कशावरून लावावे, येथे सुरू होते.

भारत सरकारच्या कारभारात टॉप सीक्रेट, सीक्रेट, कॉन्फिडेन्शियल आणि रिस्ट्रिक्टेड अशा चार पायऱ्या आहेत. गंमत अशी की, १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमात या पायऱ्यांची व्याख्याच नाही. त्या विभागीय सुरक्षा सूचनांतून आल्या. ज्याच्या हाती शिक्का आहे, त्याला वरची पायरी नेहमीच सुरक्षित वाटते. कमी लेखले आणि काही बिघडले तर जाब द्यावा लागतो. जास्त लेखले तर कोणी विचारत नाही. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ सालच्या आपल्या पहिल्याच अहवालात या वर्गीकरणाचा प्रश्न हाती घेतला आणि ते माहिती अधिकाराशी जुळवून घेण्याची शिफारस केली. जोवर शिक्का शाईचा आहे, तोवर अतिवर्गीकरणाने फार तर फाइल मंद चालते. शिक्क्याला कुलूप जोडले की ती थांबतेच. शनिवारी दुपारी हमीपत्राची मुदत संपत आहे, फाइल ‘अतिगोपनीय’ लेबलाखाली बंद आहे आणि ज्याला ती उघडता येते तो अधिकारी बदली होऊन गेला आहे, अशी वेळ ज्या शाखेवर येईल ती शाखा दुसऱ्या दिवसापासून सर्व फाइलींवर ‘सार्वजनिक’ हेच लेबल लावू लागेल. मनुष्यस्वभाव बदलणारे सॉफ्टवेअर अद्याप निघालेले नाही.

बदलीचा मुद्दा बँकांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा. दर तीन वर्षांनी अधिकारी हलतो. लेबल व्यक्तीच्या नावाशी बांधले तर फाइली अनाथ होतात. ते पदाशी बांधले पाहिजे. अमुक शाखेचा कर्ज अधिकारी, अमुक विभागाचा लेखापरीक्षक, अशी. आणि पदांची यादी ज्या दिवशी बदलीचा हुकूम निघतो त्याच दिवशी अद्ययावत झाली पाहिजे, अन्यथा जुना अधिकारी नव्या गावातून जुन्या ग्राहकांच्या फाइली पाहू शकेल आणि नवा अधिकारी टेबलापाशी बसून राहील. हे काम संगणक विभागाचे नाही, मनुष्यबळ विभागाचे आहे. आणि सहसा तेथेच ते रेंगाळते.

तिजोरीच्या संयुक्त ताब्याचा नियम येथेही उपयोगी पडतो. या प्रणालींत एक सर्वाधिकारी खाते ठेवता येते, ज्याला कोणतीही फाइल उघडता येते. ते आवश्यक आहे. कर्मचारी अचानक गेला, न्यायालयाने कागद मागितले, तर संस्था स्वतःच्याच दाराबाहेर उभी राहता कामा नये. परंतु असे खाते एकाच माणसाच्या हाती देणे म्हणजे स्ट्राँगरूमच्या दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात बांधणे होय. रोखीच्या बाबतीत जी चूक कनिष्ठ लिपिकही करणार नाही, ती माहितीच्या बाबतीत मोठ्या संस्थाही सहज करून बसतात.

आता सर्वांत नाजूक बाब. बँकांच्या वर्गीकरणात पायरी ठरवताना विचारला जाणारा प्रश्न बहुधा असा असतो: ही माहिती फुटली तर बँकेचे किती नुकसान होईल? पासवर्ड, अंतर्गत तपासणीचे अहवाल, खातेदारांच्या याद्या या मोजपट्टीवर वर जातात, आणि ते योग्यच आहे. रोड नंबर १४ वरच्या त्या उत्पादकाच्या दरपत्रकाला मात्र या मोजपट्टीवर स्थानच मिळत नाही. ते फुटले तर बँकेचा एक पैसाही बुडत नाही. कदाचित ज्याने निविदा जिंकली, तोही त्याच बँकेचा खातेदार असेल आणि व्यवसाय शाखेतच राहील! नुकसान होते ते ज्याने विश्वासाने कागद दिला त्याचे, आणि बहुतेक वेळा ते कसे झाले हे त्याला कधीच कळत नाही.

कायद्याकडे पाहिले तर या माणसासाठी छप्पर विरळच दिसते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ साली संमत झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले आणि त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. वाजवी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. परंतु नावाप्रमाणेच तो वैयक्तिक माहितीचा कायदा आहे. खासगी कंपनीचे दरपत्रक किंवा साच्याचे रेखाचित्र त्यात बसत नाही. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा झालेला नाही; विधी आयोगाने मार्च २०२४ मधील २८९ व्या अहवालात तशी शिफारस केली आहे. उरतो तो बँकेचा जुना धर्म. १९७० च्या बँकिंग कंपन्या (उपक्रमांचे संपादन व हस्तांतरण) अधिनियमाच्या कलम १३ नुसार राष्ट्रीयीकृत बँकेने आपल्या ग्राहकांच्या व्यवहारांची माहिती, कायद्याने किंवा बँकांच्या प्रथेने आवश्यक असेल तेवढे सोडून, उघड करावयाची नाही. आणि प्रत्येक कर्मचारी रुजू होण्यापूर्वी निष्ठा व गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करतो. त्या प्रतिज्ञेत वैयक्तिक माहिती आणि कंपनीची माहिती असा भेद नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी केलेल्या त्या सहीला संगणकात काही आधार असावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

म्हणून कर्ज व हमी विभागांत ‘ग्राहकाचे व्यावसायिक गुपित’ असे एक स्वतंत्र लेबल असावे आणि त्याची मोजपट्टी ग्राहकाच्या हानीची असावी. कागद देताना ते लेबल मागण्याचा हक्क ग्राहकाचा असावा, अर्जाच्या नमुन्यातच एका चौकटीने. अधिकाऱ्याच्या अंदाजावर ते सोडू नये. केबलच्या धंद्यात कोणता आकडा जिव्हारी लागणारा आहे, हे केबल बनवणाऱ्यालाच माहीत. या लेबलाखाली प्रस्ताव पाहणारी साखळी, लेखापरीक्षक आणि नियामक यांना फाइल उघडावी, इतरांना उघडू नये. आणि निविदेचा निकाल लागल्यावर बंधन आपोआप सैल व्हावे. मुदत संपल्यावरही गुपित राखून ठेवणे म्हणजे पुन्हा अतिवर्गीकरणाकडे जाणे. ग्राहकाच्या दृष्टीने याचा आणखी एक लाभ आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा कराराच्या ३९ व्या कलमात गुपित माहितीला संरक्षण मिळण्यासाठी धारकाने ती गुप्त राखण्याचे वाजवी प्रयत्न केलेले असावेत, अशी अट आहे. उद्या वाद उद्भवलाच, तर मागून घेतलेले लेबल हा त्या प्रयत्नांचा पुरावा ठरू शकेल. व्हॉट्सॲपवर टाकलेले छायाचित्र नेमके उलट सांगेल.

आक्षेप येतील आणि त्यांतील काही खरे आहेत. पडद्यावरील मजकुराचे मोबाइलने छायाचित्र काढणाऱ्याला हे कुलूप अडवू शकत नाही. पडद्यावर वाचणाऱ्याचे नाव फिकट अक्षरांत उमटवले तर तो दोनदा विचार करील, एवढेच. बँकेने पाठवलेले लेबलबद्ध मंजुरीपत्र ग्राहकाच्या जुन्या संगणकावर उघडत नाही आणि त्याच्या लेखापालाला तर मुळीच उघडत नाही, ही तक्रारही रास्त आहे. जे पत्र ग्राहकाचेच आहे ते त्याच्यासाठी बंद करण्याचे प्रयोजन नाही. त्यावर कुलूप लावायचे की नाही हे त्यानेच सांगावे. महिनाअखेरीस शाखेत रांग असताना दर फाइलीला लेबल विचारणारी चौकट कर्मचाऱ्याला नकोशी वाटणार, हेही उघड आहे. त्यावर उपाय लेबलांची संख्या वाढवणे हा नाही. चार पुरेत, आणि त्यांतील एक आपोआप लागलेले असावे. लेबल खाली उतरवायचे असेल तेव्हाच कारण लिहावे लागावे.

संपूर्ण बँकेत एकाच दिवशी ही पद्धत आणण्याची घाई करू नये. औद्योगिक वसाहतीतील एखादी शाखा निवडावी, केवळ बयाणा हमीचे अर्ज व त्यांसोबतची दरपत्रके घ्यावीत, आणि एक तिमाही ती चालवून पाहावी. ग्राहकाकडून फाइल घेण्यासाठी ई-मेल आणि व्हॉट्सॲपऐवजी बँकेच्या स्वतःच्या पोर्टलवर एक खिडकी उघडावी, कारण उघड्यावरून आलेल्या कागदाला आत आल्यावर कुलूप लावण्याने फारसे साधत नाही. तिमाहीअखेर चुकीच्या माणसाला किती वेळा नकार मिळाला, हे प्रणालीची नोंदवही सांगेल. योग्य माणूस किती वेळा दाराबाहेर ताटकळला, हे मात्र शाखेत जाऊन, काउंटरपलीकडे बसणाऱ्यांना आणि अलीकडे उभ्या असणाऱ्यांना, समक्ष विचारावे लागेल.